शंभरावा पार्ट

‘मूळ कारण : ऑपरेटरकडून यूएसबी केबलची चुकीची हाताळणी.’

हे वाक्य माझं आहे. गेल्या जूनमध्ये एका ग्राहकाला पाठवलेल्या ८डी रिपोर्टच्या चौथ्या रकान्यात मी ते टाइप केलं, खाली सही केली आणि पुढच्या कामाला लागलो. वाहन उद्योगाला माल पुरवणाऱ्यांना हा रिपोर्ट रोजचा. तक्रार आली की आठ पायऱ्यांत उत्तर द्यायचं, चौथ्या पायरीत मूळ कारण लिहायचं. त्या रकान्यात माणसाचं नाव लिहायचं नसतं. पण तिसऱ्या पाळीत त्या गेजवर एकच माणूस होता, त्यामुळे नाव न लिहिताही सगळ्यांना कळलं.

आमची कंपनी लहान आहे, बोअर गेज बनवते. कनेक्टिंग रॉडच्या भोकात प्रोब घातला आणि बटण दाबलं की तीन खोलींवरचे व्यास मोजले जातात आणि त्याची एक ओळ यूएसबीवरून लाइनवरच्या पीसीला जाते. पीसीकडून पोच आली की गेज हिरवा दिवा लावतं. तीन सेकंदांत पोच आली नाही तर लाल दिवा आणि ‘पीसी उत्तर देत नाही’. आत एसटीएम३२एफ१०३ ही मायक्रोकंट्रोलर चिप आहे. त्याच्यावरचा यूएसबीचा कोड मी पहिल्या ओळीपासून हाताने लिहिलेला आहे.

तो तयार लायब्ररीतून उचललेला नाही, म्हणून त्याबद्दल थोडं सांगतो. या चिपमध्ये यूएसबीसाठी फक्त ५१२ बाइटची वेगळी मेमरी असते. प्रोसेसरच्या बाजूने पाहिलं तर तिच्यातला प्रत्येक दोन बाइटचा शब्द चार बाइटची जागा अडवून बसतो. साधं मेमकॉपी (मेमरीची सरळ नक्कल) मारलं की अर्धा डेटा कचरा. एंडपॉइंटच्या, म्हणजे यूएसबीवरच्या डेटाच्या एकेका वाटेच्या, रजिस्टरात तर काही बिट असे आहेत की १ लिहिला की बिट उलटतो आणि ० लिहिला की आहे तसा राहतो. म्हणजे आहे ती स्थिती वाचायची, हवी असलेल्या स्थितीशी तिचा एक्सऑर करायचा (म्हणजे कुठले बिट वेगळे आहेत ते काढायचं), आणि शेजारचे दोन बिट चुकून पुसले जाणार नाहीत हे सांभाळून मगच लिहायचं. पत्ता देण्याची आज्ञा येते तेव्हा नवा पत्ता लगेच घ्यायचा नसतो. जुन्याच पत्त्यावरून पोच जाऊ द्यायची आणि मग बदलायचा. ज्याने हे एकदा चुकवलंय त्याला ‘अनोळखी यूएसबी उपकरण’ ही विंडोजची पाटी पाठ असते. हे सगळं मी सांभाळलं होतं. दोन वर्षं ते गेज दहा-बारा कारखान्यांत बिनतक्रार चाललं.

मग ही तक्रार आली. रात्रपाळीत गेज मध्येच पीसीशी बोलणं थांबवतं, केबल काढून परत घातली की चालू होतं. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीत काही नाही, फक्त तिसऱ्या. आमच्या सर्व्हिसवाल्याने चार केबल बदलल्या, विद्युत गोंगाट अडवणारे फेराइट चढवले, अर्थिंग तपासलं. शेजारी इंडक्शन हार्डनिंगचं मशीन आहे, ते बंद ठेवून पाहिलं. मी यूएसबीच्या डी-प्लस या डेटाच्या तारेवरचा दीड किलो-ओहमचा रेझिस्टर, क्रिस्टल, ४८ मेगाहर्ट्‌झचं घड्याळ असं सगळं टेबलावर परत मोजलं. सगळं जागेवर. शेवटी त्यांच्या सुपरवायझरचा फोन आला, “अहो, तो माणूसच केबल ओढतो.” त्यांनी त्या ऑपरेटरला गेजवरून काढून पार्टच्या धारदार कडा (बर) घासायच्या टेबलावर बसवलं, तिसऱ्या पाळीत दुसरा मुलगा उभा केला, आणि तक्रार थांबली. एक दिवस नाही, सलग दोन महिने थांबली.

याहून स्वच्छ पुरावा काय हवा, असं तेव्हा मला वाटलं. माणूस बदलला, दोष गेला. लिहिलं.

गणपतीत तो दुसरा मुलगा रजा काढून कोकणात गावी गेला आणि जुने ऑपरेटर परत गेजवर आले. त्याच रात्री गेज बंद पडलं. या वेळी सर्व्हिसवाल्याला न पाठवता मी स्वतः चाकणला गेलो.

हे जुने ऑपरेटर, काका, पन्नाशीचे. घरच्या अडचणीमुळे त्यांनी कायमची रात्रपाळी मागून घेतलेली. मी ओळख करून दिली तेव्हा त्यांनी हात पुसले, खिशातून एक छोटी डायरी काढली आणि म्हणाले, “साहेब, जूनमध्ये तुमच्या माणसाला पण सांगितलं होतं. नव्व्याण्णव पार्ट होतात. शंभरावा जात नाही.”

डायरीत काड्या होत्या. पाच-पाचचे गठ्ठे, प्रत्येक ओळीत एकोणीस गठ्ठे आणि शेवटी चार सुट्या काड्या. खाली वेळ. पुढची ओळ, परत एकोणीस गठ्ठे आणि चार काड्या. पानामागून पान तसंच. जूनच्या सर्व्हिस रिपोर्टमध्येही हे वाक्य होतं, ‘ऑपरेटरच्या म्हणण्यानुसार सुमारे १०० पार्टनंतर.’ मी ते वाचलं होतं आणि बाजूला सारलं होतं. यूएसबीला पार्ट मोजता येत नाहीत, म्हणून. ‘सुमारे’ हा शब्द आमच्या माणसाने घातला होता. काका सुमारे म्हणाले नव्हते.

मी क्रेटवर बसून मोजायला लागलो. एका पार्टला पाऊण मिनिट, म्हणजे सव्वा तास. अठ्ठ्याण्णव, हिरवा. नव्व्याण्णव, हिरवा. शंभरावा, तीन सेकंद आणि लाल. परत बटण दाबलं, लाल. केबल काढून घातली, हिरवा. केबल काकांनी ओढली नव्हती. ती टेबलाला क्लॅम्प केलेली होती.

मग माझ्या लॅपटॉपला तेच गेज जोडलं, तेच नाव, तीच बॅच, आणि एकशे वीसपर्यंत मोजलं. एकदाही लाल नाही. इथे माझे दोन तास गेले. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि लाइनवरचा पीसी विंडोजचा, त्यामुळे मी त्यांच्या पीसीच्या मागे लागलो. त्या पीसीवर यूएसबीपीकॅप हे यूएसबीवरची देवाणघेवाण नोंदवणारं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं तर शंभराव्या पार्टच्या वेळी पडद्यावर काहीच उमटत नव्हतं, जणू गेजने काही पाठवलंच नाही. पण हे साधन पूर्ण झालेले व्यवहार दाखवतं, तारेवरची पाकिटं नाही. हे मला माहीत होतं. तरी दोन वाजेपर्यंत मी त्यावर विश्वास ठेवून बसलो.

शेवटी डी-प्लस आणि डी-मायनस या डेटाच्या दोन तारांना लॉजिक ॲनालायझर, म्हणजे तारेवरचे बिट दाखवणारं उपकरण, लावलं. आता शंभराव्या पार्टला जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. पीसी विचारतो, आहे का काही? गेज ६४ बाइट देतं. पीसी पोच देतो आणि परत विचारतो. गेज आणखी ६४ देतं, पोच येते. मग पीसी पुन्हा विचारतो, आहे का काही? गेज म्हणतं, ‘नाक’, म्हणजे यूएसबीच्या भाषेत, आत्ता नाही. परत विचारतो, परत नाक. एका मिलिसेकंदात कितीतरी वेळा, तीन सेकंद तेच. डेटा सगळा पोचलेला होता. संपला आहे, एवढंच गेजने सांगितलं नव्हतं.

यूएसबीत बल्क पद्धतीने पाठवलेला मजकूर संपला हे कळण्याची खूण म्हणजे पूर्ण मापाहून लहान पाकीट. फुल स्पीडला, म्हणजे या गेजच्या यूएसबी वेगाला, पूर्ण माप ६४ बाइट. मजकूर १२७ बाइटचा असेल तर ६४ आणि ६३. दुसरं पाकीट अपुरं आहे, म्हणजे संपलं. पण मजकूर बरोबर १२८ चा असेल तर दोन्ही पाकिटं भरलेली, आणि अजून येणार आहे अशी समजूत होते. तिथे शून्य बाइटचं रिकामं पाकीट पाठवावं लागतं. एप्रिल २००० मध्ये निघालेल्या यूएसबी २.० च्या तपशिलात, कलम ५.८.३ मध्ये, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. विंडोजच्या ड्रायव्हरने मोठा बफर पुढे केलेला असतो. तो ना भरतो ना अपुरं पाकीट येतं, मग हातात आलेले १२८ बाइट तो वरच्या सॉफ्टवेअरला देतच नाही. लिनक्सचा ड्रायव्हर फुल स्पीडला दर वेळी नेमके १२८ बाइटच मागतो. बफर भरला, काम झालं. म्हणून माझ्या लॅपटॉपवर हिरवा. माझी ओळ ६४ बाइटची असती तर लिनक्सही तसाच अडकला असता आणि मला हे दोन वर्षांपूर्वी टेबलावरच सापडलं असतं.

आता ओळ मोजायची राहिली. मशीन, बॅच, तारीख, तीन व्यास, चेकसम (पडताळणीचा आकडा) मिळून ९१ बाइट. जोडणीपासूनचा पार्ट क्रमांक नऊपर्यंत एक आकडी, ९९ पर्यंत दोन आकडी, शंभरापासून तीन आकडी. आणि ऑपरेटरचं नाव. ते देवनागरीत हवं हा ग्राहकाचा आग्रह होता, आणि तो योग्यच होता. पण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. मात्रा वेगळी, हलन्त वेगळा. ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर दिसतो, तिथे तो नऊ बाइटचा. काकांचं नाव आणि आडनाव मिळून अकरा चिन्हं आणि मधली एक मोकळी जागा, म्हणजे ३४. एक्याण्णव, चौतीस आणि तीन, एकशे अठ्ठावीस. कोकणातल्या मुलाचं नाव २८ बाइटचं, त्याची ओळ १२२ च्या पुढे जाणारच नाही. दिवसपाळीच्या ऑपरेटरचं ४०, त्याची १३२ पासून सुरू. दोघांच्याही वाट्याला १२८ कधी आलंच नसतं. आणि केबल काढली की गेजची वीज जाते, क्रमांक एकपासून सुरू होतो आणि पुढचे नव्व्याण्णव पार्ट सुखाने जातात.

मला सर्वांत जास्त खुपतं ते पुढचं. हा नियम मला माहीत नव्हता असं नाही. गेजचं स्वतःचं नाव पीसीला सांगताना तीच अडचण येते. ३१ अक्षरांचं नाव दिलं की ते डिस्क्रिप्टर (गेजने स्वतःची ओळख सांगणारी नोंद) बरोबर ६४ बाइटचं होतं आणि विंडोज तर २५५ मागत असतो. तिथे मी रिकामं पाकीट पाठवत होतो. मुद्दाम ३१ अक्षरांचं नाव ठेवून ते तपासलंही होतं. डेटाच्या वाटेवर मात्र ते सुटलं, कारण पीसीला गेज ‘सिरियल पोर्ट’ म्हणून दिसतं आणि डोक्यात तोच शब्द बसला होता. सिरियल पोर्टवर बाइट वाहत जातात, त्यांना शेवट नसतो. यूएसबीत तसं वाहणं नसतंच.

सहा ओळींची दुरुस्ती होती. साडेचारला काका कँटीनमधून दोघांसाठी चहा घेऊन आले, तोवर नवा कोड चिपमध्ये गेला होता. त्यांनी मोजायला सुरुवात केली. शंभराव्याला मी दिव्याकडे बघत होतो. हिरवा लागला. काकांनी एकशे एक, एकशे दोन घेतले, पाळी संपेपर्यंत घेत राहिले. डायरीत विसावा गठ्ठा पूर्ण करून त्यांनी त्याच्याखाली वेळ लिहिली, ५.५२. मी जूनच्या रिपोर्टचं त्यांना सांगितलं, तो मी लिहिला होता हेही. ते म्हणाले, “मला माहीत आहे साहेब. सही दाखवली होती मला.” त्याच रिपोर्टवरून त्यांना मेमो मिळाला होता.

नव्या रिपोर्टच्या चौथ्या रकान्यात मी लिहिलं, ‘फर्मवेअरमधील दोष, १२८ बाइटच्या नोंदीनंतर शून्य बाइटचे पाकीट पाठवले जात नव्हते, ऑपरेटरचा संबंध नाही.’ आमच्या विक्री विभागाला ‘सॉफ्टवेअर सुधारणा’ एवढंच हवं होतं. ग्राहकासमोर चूक कबूल केली की पुढची ऑर्डर जाते, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटलं नाही, रिपोर्ट मी आहे तसाच पाठवला. ऑर्डर गेलेली नाही.

पण जूनचा रिपोर्ट ग्राहकाच्या सिस्टीममध्ये अजून जागेवर आहे. तो मागे घ्यावा म्हणून मी तीन मेल केले. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, बंद झालेला रिपोर्ट उघडता येत नाही. मेमोही फाइलमध्ये तसाच आहे. चौथा मेल परवा त्यांच्या एचआरला केला आहे, नवा रिपोर्ट आणि काकांच्या डायरीच्या दोन पानांचे फोटो जोडून.