हरकती मागवण्याआधी चालून बघा

आमच्या चौकातला रस्ता पुण्यातल्या कितीतरी रस्त्यांसारखाच आहे: मध्ये दुभाजक, दोन्ही बाजूंना दुकाने आणि पुसट झालेले झेब्रा पट्टे. गेल्या महिन्यात आम्ही सोसायटीतल्या पाच-सहा जणांनी पायी फेरी काढून टेपने तो मोजला, तेव्हा या कडेपासून त्या कडेपर्यंत 24 मीटर भरला. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असे धरतात. त्या हिशेबाने 20 सेकंद पुरायला हवेत. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या शेजारच्या काकूंना मात्र दुभाजकापर्यंत पोहोचायलाच 19 सेकंद लागले. दुभाजकाची कड चढता येईना, तेव्हा त्या तिथल्या खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "म्हणून तर मी रिक्षा करते." त्यांना जायचे असते समोरच्या दवाखान्यात.

काकूंच्या या रिक्षाभाड्याची नोंद कुठल्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही, कारण आपल्याकडे रस्ते सुरक्षेचा विचार पंचनाम्यापासून सुरू होतो. राष्ट्रीय महामार्गावर 'ब्लॅक स्पॉट', म्हणजे अपघातप्रवण जागा, ठरण्यासाठी सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, अथवा 10 मृत्यू व्हावे लागतात. हा निकष निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसे रस्त्यांवर दगावली आणि त्यांत जवळपास पाचवा हिस्सा पादचाऱ्यांचा होता, तेव्हा मोजदाद हवीच. परंतु जो रस्ता इतका भयंकर आहे की म्हातारी माणसे तो ओलांडायचेच सोडून देतात, तो कागदावर सुरक्षित दिसतो.

शहराचा सुरक्षा आराखडा करताना नागरिकांना विचारायचे ते यासाठी. आपल्याला सवय आहे ती 'हरकती व सूचना' मागवण्याची, म्हणजे नकाशा तयार झाल्यावर लोकांनी तक्रार करण्याची. 2006 पासून पुण्यात नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामे सुचवता येतात, ही चांगलीच सोय आहे. पण काम सुचवणे वेगळे आणि अडचण सांगणे वेगळे. आपण नागरिकही यात कच्चे आहोत. कुठेही भीती वाटली की आपल्या तोंडून एकच शब्द निघतो, गतिरोधक. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या 'इंडियन रोड्स काँग्रेस' या संस्थेच्या मानकातला गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. आपण भांडून मिळवतो तो बहुधा वीतभर रुंदीचा उंचवटा, ज्यावर दुचाकीच्या मागे बसलेल्या माणसाची पाठ मोडते.

आमच्या फेरीत एक किराणा दुकानदारही होते. पदपथ रुंद करायला त्यांचा कडवा विरोध असेल असे मी गृहीत धरले होते. त्यांचे म्हणणे एवढेच निघाले की सकाळी दहा ते अकरा मालाचा टेम्पो उभा करायला ठरावीक जागा द्या, बाकी वेळ दारात गाड्या नसल्या तर गिऱ्हाईक उलट जास्त येईल. सभागृहातल्या बैठकीत हेच गृहस्थ बहुधा 'व्यापाऱ्यांचा विरोध' म्हणून नोंदले गेले असते.

अर्थात आमची फेरी रविवारी सकाळी नऊला होती, आणि त्या वेळेला जमणारी माणसे आमच्यासारखीच, म्हणजे सुट्टी असलेली. धुण्याभांड्याच्या कामाला पहाटे सहाला चालत येणाऱ्या बाया, बसथांब्यावरून अंधारात घरी परतणाऱ्या मुली, हातगाडीवाले यांतले कोणीच आमच्यात नव्हते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी विचारले, तर त्या म्हणाल्या की त्या चौकातून जातच नाहीत, पुढच्या तुटलेल्या दुभाजकातून घुसतात, कारण तिथे निदान समोरून येणारी गाडी दिसते. ती फट बुजवावी असा अर्ज आमच्या सोसायटीने मागच्याच वर्षी दिला होता. पुढची फेरी आता पहाटे सहाला आहे, त्याच फटीपासून, आणि टेप मावशींच्या हातात असेल.