३७ दिवस आणि एका तबकडीचा तडा

जानेवारीतल्या एका रात्री साडेनऊ वाजता मी आत्याच्या पेटीतली एक रेकॉर्ड माझ्या व्हिडिओ चॅनलवर चढवली. नऊ पस्तीसला मेल आला. या ध्वनिमुद्रणावर एका कंपनीने हक्क सांगितला आहे, व्हिडिओतून मिळणारं उत्पन्न त्यांच्याकडे जाईल. उत्पन्नाचं मला काहीच नव्हतं, माझ्या चॅनलवर जाहिराती नाहीतच. पण शंभर वर्षांच्या आसपासची तबकडी, नागपुरात महाल भागातल्या आमच्या वाड्यात आत्याने जपलेली, मी स्वतः धुतलेली आणि वाजवलेली, आणि ती म्हणे दुसऱ्या कुणाची. त्या रात्री मी झोपले नाही.

आत्या गेली तेव्हा तिची लोखंडी पेटी माझ्याकडे आली. त्यात ६२ रेकॉर्डी होत्या. हिराबाई बडोदेकर, वझेबुवा, मास्टर कृष्णराव, सुंदराबाई ही नावं लेबलवर नीट वाचता येत होती. आत्या तरुणपणी गाणं शिकली होती. वसंतराव देशपांडे लहानपणी इथेच नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले हे ती घरी येईल त्याला अभिमानाने सांगायची. नावाजलेल्यांची गाणी इंटरनेटवर सापडतात. माझा जीव अडकला होता तो नाव नसलेल्या रेकॉर्डींत. अशा चार होत्या. लेबल कसरीने खाल्लेलं, उरलेल्या कागदावर नुसतं ‘भैरवी’ किंवा ‘ठुमरी’. या बायका कोण होत्या हे कुणीतरी ओळखेल, एवढ्याच आशेने मी हा उद्योग सुरू केला.

वाजवणं, संगणकात घेणं, इंटरनेट आर्काइव्ह या जुनं साहित्य जपणाऱ्या संकेतस्थळावर ठेवणं हे सगळं महिनाभरात झालं, त्यात सांगण्यासारखा त्रास नाही. फक्त सुईचं सांगते. नंतरच्या काळातल्या एलपीची सुई ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डीला लावू नका. या रेकॉर्डींची खाच रुंद असते, बारीक सुई तळाशी जाऊन फिरते आणि नुसता खरखराट ऐकू येतो. वेगळी, जाड टोकाची सुई मिळते, साधारण ७५ मायक्रॉनची. ती आणल्यावर पहिल्याच रेकॉर्डीतून मागची सारंगी वर आली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आता दाव्याकडे येते, कारण माझे ३७ दिवस त्यातच गेले.

व्हिडिओची ही संकेतस्थळं गाणं कानाने ऐकत नाहीत. कंपन्या आपली ध्वनिमुद्रणं त्यांच्याकडे नोंदवतात, त्यांचा ठसा तयार होतो आणि नवीन काहीही चढलं की यंत्र तो ठसा जुळवून बघतं. जुळला की दावा आपोआप लागतो. मधे माणूस नसतो. दाव्याच्या पानावर ‘असहमत’ असं बटण आहे. मी ते दाबलं, कारणांच्या यादीतून ‘हक्काची मुदत संपलेली आहे’ हे निवडलं आणि खालच्या रकान्यात मनातलं सगळं लिहून टाकलं. आत्या, वाडा, पेटी, तिचं गाणं. समोरच्या कंपनीला उत्तर द्यायला ३० दिवस असतात.

ते दिवस कसे काढले ते मलाच माहीत. सकाळी उठल्यावर पहिलं ते पान उघडायचं, पुन्हा जेवणानंतर, पुन्हा रात्री. ‘उत्तराची वाट पाहत आहोत.’ फोन नंबर नाही, जाऊन उभं राहावं अशी खिडकी नाही. सरकारी कचेरीत निदान बाबूच्या तोंडाकडे तरी बघता येतं. इथे कुणाकडे बघायचं? २७व्या दिवशी उत्तर आलं, एका ओळीचं. दावा कायम. कारण नाही, पुरावा नाही. मी रागाने लॅपटॉप मिटला.

माझा भाचा धरमपेठेत राहतो, तो त्या संध्याकाळी आला. म्हणाला, “मावशी, तू काहून इतकी चिडून राहिली? आधी ह्यांनी काय नोंदवलंय ते तर पाहू.” दाव्यात त्यांच्या अल्बमचं नाव होतं. त्याने ते शोधलं. जुन्या ठुमऱ्यांचा वीस गाण्यांचा संग्रह, वर कमळाचं चित्र. सातव्या गाण्याचं नाव ‘भैरवी’ आणि कलाकाराच्या जागी ‘अनोळखी गायिका’.

हे माझे शब्द होते. आठ महिन्यांपूर्वी आर्काइव्हवर मी त्या रेकॉर्डीचं नाव हेच दिलं होतं.

आम्ही ते गाणं लावलं आणि पहिल्या दहा सेकंदांतच मी ओळखलं. माझ्या तबकडीला काठापासून अर्धा इंच आत तडा गेलेला आहे. तबकडी फिरते तेव्हा दर फेऱ्याला सुई त्या तड्यावरून जाते आणि टिक् असा आवाज येतो. मिनिटाला ७८ फेरे, म्हणजे सेकंदाला एकापेक्षा थोडे जास्त टिक्. सुई आत सरकत तड्याच्या पलीकडे गेली की आवाज थांबतो. मी माझ्या फायलीत ते टिक् मोजले, ४१ भरले. मग त्यांच्या गाण्यात मोजले. भाचा कागदावर रेघा ओढत होता. ४१. एकतिसाव्या सेकंदानंतर दोन्हीकडे शांतता, दोन्हीकडे त्याच स्वरावर. हा तडा आत्याच्या पेटीतल्या तबकडीचा आहे. दुसऱ्या कुठल्याही प्रतीला तो याच जागी, एवढाच लांब असणं शक्य नाही. त्यांनी माझीच फाईल उचलून स्वतःच्या नावाने नोंदवली होती आणि यंत्राने मलाच चोर ठरवलं होतं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, आधीच सांगायला हवी होती. आवाज साफ करणारी सॉफ्टवेअर असतात, टिक् आणि खरखर काढून देतात. मूळ फाईल कधीही साफ करून टाकू नका. साफ केलेली प्रत वेगळी ठेवा. तो तडा मी पुसला असता तर माझ्या हातात काहीच उरलं नसतं. शिवाय फार साफ केलं की तानपुऱ्याचा नादही त्याच्याबरोबर जातो.

पुढची पायरी अपील. तिथे मी तीन दिवस अडले. अपिलाच्या फॉर्ममध्ये पूर्ण नाव, घरचा पत्ता, फोन नंबर भरावा लागतो आणि तो समोरच्या कंपनीला दिला जातो. खाली इशारा असतो की अपील फेटाळलं गेलं तर चॅनलवर ठपका येऊ शकतो, आणि असे तीन ठपके आले की चॅनल बंद. माझ्या चॅनलवर तेव्हा ४० रेकॉर्डी होत्या. एका रेकॉर्डीपायी बाकीच्या एकोणचाळीस घालवायच्या का? आमच्या ह्यांनी सांगितलं, सोडून दे. मीही दोनदा सोडून द्यायचं ठरवलं.

तिसऱ्या रात्री कायदा वाचला. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षं टिकतो, आणि ती प्रकाशनाच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. अमेरिकेत हिशेब वेगळा आहे आणि हे फार जणांना माहीत नसतं. तिथे १९२३च्या आधीची ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ला खुली झाली, १९२३ ते १९४६मधली प्रकाशनानंतर १०० वर्षांनी होतात. म्हणून रेकॉर्ड किती जुनी हे दाखवता आलं पाहिजे. लेबल खाल्लेलं असलं तरी मधल्या गुळगुळीत भागात कोरलेला क्रमांक शाबूत असतो. टॉर्च आडवा धरला की दिसतो. त्याचा फोटो काढून ठेवा. माझ्या रेकॉर्डीचा आवाजही वय सांगत होता. मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण जगात १९२५ साली सुरू झालं, त्याआधी कलाकार भोंग्यात तोंड घालून गात. या भैरवीत गळा समोर येतो आणि तबला भिंतीपलीकडे वाजतोय असं वाटतं, म्हणजे ही भोंग्यातलीच.

ध्वनिमुद्रणाचाच हक्क असतो असं मात्र समजू नका, चाल आणि शब्द यांचा हक्क वेगळा. तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. मास्टर कृष्णराव १९७४ साली गेले, म्हणजे त्यांनी बांधलेल्या चालींचा हक्क २०३४ संपेपर्यंत आहे. त्यांची माझ्याकडची नाट्यपदं मी चढवलेली नाहीत. पारंपरिक ठुमरीला ही अडचण नाही.

अपिलात मी आत्याचं एक अक्षर लिहिलं नाही. पाच वाक्यं लिहिली. रेकॉर्ड भोंग्याच्या काळातली. कोरलेला क्रमांक हा. माझी फाईल आर्काइव्हवर अमुक तारखेची, तुमचा अल्बम त्यानंतर सात महिन्यांनी आलेला. पहिल्या ३१ सेकंदांत ४१ टिक्, दोन्हीकडे. तुमच्याकडे मूळ तबकडी असेल तर तिचा फोटो पाठवा. भाच्याने इंग्रजीत करून दिलं. पहिल्याच वेळी असं लिहिलं असतं तर महिना वाचला असता.

अपिलाला उत्तर द्यायला सात दिवस असतात. सात दिवस कुणी काही बोललं नाही आणि आठव्या दिवशी सकाळी मेल आला, दावा मागे घेण्यात आला आहे. मी ओट्यापाशी उभी होते, पोहे करपले तरी हलले नाही. माफी नाही, खुलासा नाही. तो अल्बम अजून तिथेच आहे, कमळासकट. त्यात बाकीची एकोणीस गाणी कुणाकुणाच्या पेटीतली आहेत कुणास ठाऊक. पण आत्याची भैरवी आत्याच्या तबकडीवरूनच ऐकू येते आहे, याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

आठवलं तसं आणखी थोडं. रेकॉर्ड स्पिरिटने पुसू नका, लाखेची असते, स्पिरिटमध्ये विरघळते. डिस्टिल्ड पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, आणि लेबल कोरडं ठेवायचं. आपल्याकडच्या मे महिन्यात तबकड्या आडव्या एकावर एक ठेवल्या तर वाकतात. उभ्या ठेवा, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब. आणि कूलर. वायरने थेट संगणकात घेतोय, मग कूलरचा आवाज कुठून येणार असं मलाही वाटलं होतं. पण त्याची थरथर फरशीतून टेबलात आणि टेबलातून सुईत जाते. पहिल्या बारा रेकॉर्डींच्या तळाशी ती घरघर आहे. त्या सगळ्या पुन्हा घेतल्या, पहाटे साडेचारला, कूलर बंद करून. घरगुती मैफलीच्या कॅसेट असतील तर आधी त्या घरच्यांची परवानगी घ्या, मग बाकीचं.

त्या भैरवीच्या अगदी शेवटी, तबला थांबल्यावर, ती बाई आपलं नाव सांगते. त्या काळी ही रीत होती. सुरुवातीला इथली ध्वनिमुद्रणं छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तिथल्या लोकांना कळावं म्हणून कलाकार शेवटी नाव सांगत. माझ्या तबकडीची तिथली खाच झिजली आहे. नावाऐवजी सू असा आवाज आणि मग स्पष्ट ‘बाई’.

दावा उठला त्याच्या पुढच्या आठवड्यात अकोल्याहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. त्यांच्या वडिलांकडे हीच रेकॉर्ड होती, माझ्या फोटोतला क्रमांक त्यांनी ताडून पाहिला. त्यांनी फोन ग्रामोफोनजवळ धरला. ‘बाई’च्या आधी दोन अक्षरं आहेत. त्यांना पहिलं अक्षर ‘म’ वाटतं, मला ‘न’. त्यांच्याकडची सुई जुनी लोखंडी आहे, ती आणखी लावू नका असं मी त्यांना बजावून सांगितलं आहे. रविवारी सकाळच्या गाडीने मी माझं यंत्र आणि जाड सुई घेऊन अकोल्याला जाते आहे.