माजघरातला दुसरा राउटर

साताऱ्यातले आमचे घर जुने आहे आणि ओसरी, माजघर व मागची खोली यांच्यामधल्या दगडी भिंती हातभर जाडीच्या आहेत. इंटरनेटची फायबर ओसरीत येते व राउटरही तिथेच आहे. त्यामुळे मागच्या खोलीतल्या मुलीच्या संगणकाला वाय-फायची जेमतेम एक रेघ मिळत असे. ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क तर यादीत दिसतच नसे, कारण वारंवारता वाढली की भिंतीत लहरी अधिक अडतात. म्हणून माजघरातून केबल ओढून मागे दुसरा राउटर बसवायचे ठरले.

बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने ओसरीतून आलेली केबल दुसऱ्या राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटसाठी असलेल्या, पोर्टात घातली. आधी इंटरनेट सुरूच होईना, कारण दोन्ही राउटरांचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ हाच होता आणि दुसऱ्या राउटरला आपली आतली बाजू कोणती व बाहेरची कोणती हे ठरवता येत नव्हते. त्याने दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.०.१ असा बदलला, मुलीच्या संगणकावर पाने उघडू लागली आणि तो निघून गेला. रात्री मुलीला प्रकल्पाची प्रत छापायची होती, तेव्हा ओसरीतला प्रिंटर तिच्या संगणकाला सापडेना. माझ्या संगणकावरून तिचे सामायिक फोल्डरही उघडेना. एकाच घरात आता दोन वेगळी नेटवर्के झाली होती.

हे असे का होते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. आयपी म्हणजे इंटरनेटवर यंत्रांना पत्ते देण्याची पद्धत. तिच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असतो, त्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात आणि घरातल्या प्रत्येक यंत्राला जगभर चालणारा स्वतंत्र पत्ता देणे परवडत नाही. १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते, आणि त्यांच्यासारखे आणखी दोन गट, खासगी नेटवर्कांसाठी राखून ठेवले आहेत. राउटर घरातल्या यंत्रांना त्यांतले पत्ते वाटतो, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मागणीवर स्वतःचा पत्ता घालतो आणि उत्तर आले की ते कोणाचे हे आपल्या नोंदीत पाहून त्या संगणकाकडे पोचवतो. या पत्ताबदलाला नॅट म्हणतात. वॅन पोर्टातून जोडलेला दुसरा राउटर हेच काम पुन्हा एकदा करतो. प्रिंटर शोधताना संगणक नेटवर्कभर जी हाक देतो ती या राउटरच्या पलीकडे जात नाही, आणि ओसरीतून आपणहून आलेली विचारणा तो आत सोडत नाही. इंटरनेट मात्र दोनदा पत्ता बदलूनही चालते, म्हणून चूक पटकन ध्यानात येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती केबल काढली, फक्त माझा लॅपटॉप दुसऱ्या राउटरला जोडला आणि त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा केला. मुख्य राउटर शेवटचा आकडा १०० पासून पुढे असलेले पत्ते वाटतो, तेव्हा हा आकडा दुसऱ्या कोणाला जाण्याची शक्यता नव्हती. त्यानंतर त्याचे पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद केले. हा क्रम पाळणे फार महत्त्वाचे आहे. डीएचसीपी चालू ठेवून तो मुख्य नेटवर्कात जोडला असता, तर एकाच घरात दोघे पत्ते वाटू लागले असते आणि कोणते यंत्र कधी तुटेल याचा नेम राहिला नसता. बंद केल्यावर लॅपटॉप पुन्हा जोडला तर त्याने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतला. पत्ता देणारे कोणी सापडले नाही की संगणक असे करतो, त्यामुळे डीएचसीपी खरोखर बंद झाल्याची मला खात्री पटली. मग ओसरीतली केबल वॅनऐवजी लॅन, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठी असलेल्या, पोर्टात घातली. त्यामुळे दुसरा पत्ताबदल टळला आणि घरात पुन्हा एकच नेटवर्क झाले. वॅन पोर्ट आता रिकामाच आहे.

एक गोष्ट तरीही खटकत होती. संगणकावर जोडणीचा वेग १००० ऐवजी १०० मेगाबिट दिसत होता. १०० मेगाबिटला केबलमधल्या आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटला, मात्र आठही लागतात. म्हणून मी टोकाचा जॅक उजेडात धरून पाहिला. निळी तार पुढपर्यंत पोचलीच नव्हती. जॅक कापून टाकला आणि पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी या क्रमाने तारा सरळ करून, टोके एका रेषेत कापून, नवा जॅक क्रिंप केला, म्हणजे पकडीने दाबून घट्ट बसवला. वेग १००० झाला.

मुलीने मागच्या खोलीतून छापायला दिलेले पहिले पान ओसरीत बाहेर आले, तेव्हा मी प्रिंटरपाशीच उभा होतो. दोन्ही राउटरांचे पत्ते आणि कोणती केबल कोणत्या पोर्टात आहे याची नोंद त्याच पानाच्या मागे लिहून मी ते कपाटाच्या दारावर आतून चिकटवले आहे.