नोव्हेंबरात पाऊस पडतो कुणाकडे?

१७ मे २०२५, महालक्ष्मी रेसकोर्स. समोर गन्स अँड रोझेस ही अमेरिकन रॉक बँड, आणि हजारो माणसं घामाने निथळत, एकमेकांना चिकटत त्यांचं 'नोव्हेंबर रेन', म्हणजे नोव्हेंबरातला पाऊस, म्हणतायत. मीही त्यात होतो, गळा काढून. मध्येच डोक्यात आलं, च्यायला, मे महिना आहे, आणि तसंही आपल्याकडे नोव्हेंबरात कुठे पाऊस पडतो? पडलाच तर आई "हे काय अवकाळी" म्हणत वाळत घातलेले कपडे काढायला पळते, त्यात रोमँटिक काही नसतं. (गंमत म्हणजे त्या वर्षी मान्सून नेहमीच्या ११ जूनची वाट न बघता २६ मेलाच मुंबईत येऊन टपकला. गाणं जरा लवकर ऐकू गेलं असावं.)

शास्त्रीयवाल्यांचं बरंय. पावसाला मल्हार, वसंताला बसंत, सगळं आधीच लावून ठेवलेलं. आम्हा रॉकवाल्यांची गाणी आली इंग्लंड-अमेरिकेहून, तिकडे समर म्हणजे मजा आणि इकडे मे म्हणजे घामोळं, त्यामुळे आपलं पंचांग आपणच बनवायला लागतं.

माझं मे महिन्याचं उत्तर म्हणजे काययस. कॅलिफोर्नियातल्या पाम डेझर्टची बँड, ही पोरं सुरुवातीला चक्क वाळवंटात जनरेटर नेऊन वाजवायची, आणि त्यांचा गिटारवाला जॉश होमी गिटार बेसच्या अँपमधून काढायचा, म्हणून तो आवाज असा जाड, जड, दुपारी जेवून लवंडलेल्या माणसासारखा. गच्चीत कुरडयांची राखण करताना मी हेच लावायचो. आई एकदा वर आली, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "यालाही उन्हाचा त्रास होतोय वाटतं." इतकं नेमकं परीक्षण मी कुठल्या मासिकात वाचलेलं नाही.

पावसाळा मात्र आपला. मुंबईतल्या रॉकचा खरा सीझनच तो. १९८६ पासून रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक नावाचा रॉक महोत्सव व्हायचा, ऑगस्टमध्ये, उघड्यावर. माझा मामेभाऊ तिथून गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन घरी यायचा आणि मामी त्याला बूट हातात घेऊनच आत घ्यायची.

पावसाची गाणी म्हटली की लोक पहिलं डोअर्स या अमेरिकन बँडचं 'रायडर्स ऑन द स्टॉर्म' सांगतात. छान आहे, ढगांचा गडगडाट बिडगडाट सगळं आहे, पण तो पाऊस फार सभ्य वाटतो मला, काचेपलीकडचा. आपला पाऊस आडवा येतो, छत्री उलटी करतो आणि पाकिटातला पासही भिजवतो. त्याला लागतं लेड झेपलिन या इंग्लिश बँडचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', म्हणजे बांध फुटतो तेव्हा. मूळ गाणं १९२९ चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय यांचं, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं. झेपलिनने १९७१ मध्ये ते केलं तेव्हा त्यांच्या ड्रमर जॉन बॉनमचा ड्रमसेट हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याच्या तळाशी मांडला आणि माईक वर जिन्यात टांगले, म्हणून तो ठोका असा घुमतो. तो कोसळणारा पाऊस नाहीच, तीन दिवस मुक्काम ठोकून बसलेला पाऊस आहे, घाई नाही, थांबायचा विचारही नाही. सायन-कुर्ल्याच्या मध्ये लोकल अडकलेली, खाली रूळ दिसत नाहीत, डब्यात कुणीतरी "मिठी नदी भरली वाटतं" म्हणतोय आणि कानात बांध फुटायचं गाणं, हा अनुभव मी दोनदा घेतलाय आणि दोन्ही वेळा बॅटरी गाण्याच्या आधी संपेल अशी भीती जास्त होती.

२६ जुलैला मात्र मी ते लावत नाही. २००५ ला त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले. त्या तारखेला काहीच लावत नाही.

ऑक्टोबरमध्ये माणसाला पेशन्स नसतो. आठ-आठ मिनिटांची सोलोबिलो जमत नाही, रामोन्स ही न्यूयॉर्कची पंक बँड लागते. १९७६ चा त्यांचा पहिला अल्बम बघा, १४ गाणी, २९ मिनिटं, खेळ खलास. रिक्षावाला "नही जायेगा" म्हणतो त्याच चालीतली सगळी.

थंडीबद्दल काय बोलायचं! चार दिवस असते. आमचा एक मित्र त्या चार दिवसांसाठी वर्षभर नॉर्वेची ब्लॅक मेटल, म्हणजे किंचाळत्या आवाजाचं काळंकुट्ट रॉक, राखून ठेवतो, बर्फ, जंगलं, कायमची रात्र असलं सगळं, आणि पारा १७ वर आला की माकडटोपी घालून ऐकत बसतो. पंखा दोनवर चालूच.

राहिलं ते बीटल्सचं 'हिअर कम्स द सन'. बरीच वर्षं मला त्या गाण्यात एवढं काय आहे कळलंच नव्हतं, ऊन आलं यात आनंद कसला, इथे बसस्टॉपवर मेमध्ये कुणी हे गुणगुणलं तर मार खाईल. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने ते १९६९ च्या वसंतात त्याचा गिटारवाला मित्र एरिक क्लॅप्टनच्या बागेत लिहिलं, लांबलेल्या थंडीनंतर, हे वाचलं होतं, पण वाचून काय होतं. मग एका सप्टेंबरात, हॉलभर दोऱ्या, दोऱ्यांवर तीन दिवसांचे न वाळलेले कपडे, घराला तो कुबट वास, कपाटातल्या चपलांना बुरशी, आणि सकाळी अचानक समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीवर पिवळं काहीतरी पडलं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे ऊन पडलंय! गाद्या ने वर, आधी गाद्या!"

तेव्हापासून आमच्याकडे ते गाद्यांचं गाणं. हेडफोन लावतो आणि निघतो. गाणं तीन मिनिटांचं, गाद्या चार, मजले पाच आणि लिफ्ट नेमकी बंद.