आमची वाटचाल: खात्यांच्या मेनूतून 'माझा ऊस' पर्यंत

सांगलीत विश्रामबागेत आमचं छोटं ऑफिस आहे. लाइफरे या पोर्टल फ्रेमवर्कवर (म्हणजे तयार सांगाड्यावर) आम्ही संस्थांची पोर्टलं, म्हणजे लॉगिन करून वापरायच्या वेबसाइट, करून देतो. लॉगिन, कागदपत्रं, परवानग्या हे सगळं लाइफरेत तयार मिळतं, आणि कम्युनिटी आवृत्ती मुक्तस्रोत (कोड सगळ्यांना खुला) असल्यामुळे परवान्याचे पैसेही पडत नाहीत. "मग तुम्ही कशाचे घेता?" असं सुरुवातीला बऱ्याच जणांनी विचारलं. मांडणीचे आणि मेनूचे. आलेल्या माणसाला त्याची गोष्ट पटकन सापडावी, एवढ्यावर आमचं पोट चालतं.

या कामाची दिशा ठरली ती एका साखर कारखान्यात. २०१३ मध्ये लाइफरेची ६.२ आवृत्ती आली, त्यावर पोर्टल करायचं होतं. कारखान्याने दिलेला मेनू खात्यांप्रमाणे होता: शेती, केन यार्ड (ऊस आणून वजन करतात ती जागा), इंजिनिअरिंग, उत्पादन, अकौंट्स. सगळ्यांच्या आधी अर्थातच 'मा. चेअरमन यांचे मनोगत'. आम्ही कारखान्याच्या गट ऑफिसात (शेतकरी येतात त्या गावाकडच्या कार्यालयात) जाऊन बसलो. येणारा शेतकरी तेच चार प्रश्न विचारत होता. उसाची नोंद लागली का? तोड कधी? वजन किती भरलं? बिल जमा झालं का? यातली नोंद आणि तोड शेती खात्याकडे, वजन केन यार्डात, बिल अकौंट्समध्ये. आडसाली ऊस लावणाऱ्याने खाती कशाला पाठ करायची? मेनूत आम्ही 'माझा ऊस' घातलं आणि त्याखाली चार नोंदी ठेवल्या: नोंद, तोड, वजन, बिल. चेअरमनांचं मनोगत 'कारखान्याविषयी' मध्ये गेलं. त्यासाठी दोन बैठका लागल्या, पण चेअरमन स्वतः हसून हो म्हणाले. अडून बसले होते ते त्यांच्या आसपासचे.

तांत्रिक अडचण वेगळीच होती. त्या वेळच्या लाइफरेत मेनू पानांच्या उतरंडीवरूनच बनायचा. खात्यांची पानं ज्या त्या खात्याचे लोक सांभाळत, ती हलवली असती तर त्यांची घडी विस्कटली असती. म्हणून ती जागच्या जागी ठेवून मेनूतून लपवली (लपवलेलं पान थेट पत्त्याने उघडतंच), आणि 'माझा ऊस'खाली त्यांच्याकडे नेणारी नुसती दुव्याची पानं केली. ज्याला पान बघायची परवानगी नाही, त्याच्या मेनूत ते येतच नाही. त्यामुळे शेतकरी, क्लार्क आणि शेती अधिकारी यांच्यासाठी तीन मेनू लिहावे लागले नाहीत. २०१८ च्या ७.१ मध्ये पानांच्या उतरंडीपासून वेगळा मेनू बांधायची सोय आली, तेव्हा ही दुव्यांची पानं आनंदाने काढून टाकली.

मराठी मेनूची स्वतःची दुखणी असतात. इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठरवलेल्या पट्टीत वरची वेलांटी आणि खालचा उकार छाटला जातो, म्हणून थीममध्ये (पोर्टलचं रूप ठरवणाऱ्या फाइलींमध्ये) ओळीची उंची वाढवावी लागते. अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडणारा सीएसएसचा (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचा) नियम तर आम्ही दिसेल तिथे काढतो, कारण त्याने शिरोरेषा तुटते. चाचणीला आम्ही 'कर्मचारी भविष्य निर्वाह निधी' हेच नाव वापरतो. ते मोबाइलवर नीट बसलं की बाकी सगळं बसतं.

मूळ कोडला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्यापासून आहे. रंगरूप थीममध्ये, रकाने लेआउट टेम्प्लेटमध्ये, यादीचं दिसणं डिस्प्ले टेम्प्लेटमध्ये. नवा टेम्प्लेट करताना रकान्यांची ओळखनावं जुनीच ठेवतो, म्हणजे टेम्प्लेट बदलला तरी पोर्टलेट (पानावरचे छोटे कप्पे) आपापल्या जागी राहतात. २०१९ च्या महापुरात याचा उपयोग झाला. मुखपृष्ठाला एका रकान्याचा टेम्प्लेट लावला, सरकते फोटो काढले, वर फक्त संपर्काचे नंबर आणि सूचना ठेवल्या. नेटवर्क तुटक असताना जड पान उघडत नाही. ते काम आमच्या एका सहकाऱ्याने मिरजेतल्या घरून केलं.

२०१६ नंतर लाइफरेच्या सातव्या मालिकेवर जाताना व्हेलॉसिटी या टेम्प्लेट भाषेतल्या थीम फ्रीमार्कर या दुसऱ्या टेम्प्लेट भाषेत नव्याने लिहिल्या. पानाची मांडणी सांभाळणारं बूटस्ट्रॅपही बदललं होतं, त्यामुळे रकान्यांचे क्लास (सीएसएसमधली नावं) बदलले. कंटाळवाणं काम, पण हिशोबात बसणारं. दुसऱ्या कुणी लाइफरेच्या मूळ जेएसपी फाइलींमध्येच (पान तयार करणाऱ्या कोडमध्ये) बदल करून ठेवलेलं एक पोर्टल याच सुमारास आमच्याकडे आलं. ते नव्या आवृत्तीवर उतरवून घेण्यापेक्षा नवीन करणं स्वस्त पडलं, आणि ग्राहकाला हे पटवायलाच जास्त वेळ गेला.

माणसं मिळणं अवघड आहे. इथल्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं पुण्याला जातात, त्यांना दोष नाही. आम्ही डिप्लोमा झालेली मुलं घेतो आणि कोडच्या आधी त्यांना ग्राहकाच्या काउंटरवर बसवतो.

सध्या एका शिक्षण संस्थेचं काम चालू आहे. मेनूत पहिलं 'प्राचार्यांचे मनोगत' हवं, असा आग्रह आहे. आमचं म्हणणं, निदान जूनमध्ये तरी 'प्रवेश' पहिला असू द्या. पुढच्या आठवड्यात बैठक आहे.