संवाद पाठ, साल चुकलं

बुधवार, रात्र

शनिवारी रात्री नऊला मराठी विनोदाची लाइव्ह क्विझ. सिनेमा, नाटक आणि थोडे पु. ल. असा विषय जाहीर झाला की ग्रुपवर जो तो बाह्या सरसावतो. यात काय नापास व्हायचंय? आणि नेमके हेच लोक सातव्या-आठव्या प्रश्नाला खाली घसरतात.

कारण साधं आहे. विनोद आपल्या डोक्यात संवाद म्हणून साठतो. नटाचा आवाज, तो कुठे थांबला, कुणाकडे बघून थांबला, हे सगळं शाबूत असतं. क्विझमध्ये मात्र संवाद म्हणून दाखवायची सोयच नसते. विचारतात पात्राचं नाव, साल, लेखक, मूळ कलाकृती. थोडक्यात, श्रेयनामावलीत असतं ते. आणि श्रेयनामावली चालू असताना आपण फरसाण वाट्यांत काढत असतो.

तयारीला एक वही आणि चार रकाने पुरतात: नाव, साल, लिहिलं-दिग्दर्शित कुणी, मूळ कुठलं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण प्रश्न काढणाऱ्याला तो फार आवडतो. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा, दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, हे बहुतेकांना येतं. त्याच्या मुळाशी हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' आहे, हे निम्म्यांना. तो १९६६ चा, हे एखाद्यालाच. आता महेश कोठाऱ्यांचा 'धूमधडाका' घ्या, १९८५ चा. तो आला 'प्यार किये जा'वरून, आणि तोही १९६६ चाच! त्याच्याही मागे १९६४ चा तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै', दोन्हींचे दिग्दर्शक श्रीधर. म्हणजे १९६६ हे एक साल पाठ असलं तर दोन प्रश्न सुटतात.

लेखकाच्या रकान्यातही असे छुपे धागे सापडतात. बनवाबनवीचं लेखन वसंत सबनीसांचं, आणि दादा कोंडक्यांनी गाजवलेलं 'विच्छा माझी पुरी करा' हे वगनाट्यही त्यांचंच. 'या दोन्हींत समान काय?' असा प्रश्न आला की बहुतेक जण नटांची नावं चाचपडत बसतात. 'मोरूची मावशी' म्हटलं की विजय चव्हाण डोळ्यांपुढे येतात, ते बरोबरच. नाटक मात्र आचार्य अत्र्यांचं, आणि त्याचं मूळ ब्रँडन थॉमसच्या १८९२ च्या 'चार्लीज आंट'मध्ये. पर्यायांत मोलिएर ठेवलेला असणार. रूपांतरित फार्स म्हटलं की हात आपोआप त्याच्याकडे जातो, हे प्रश्न काढणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

पात्रांची नावं वेगळ्या पानावर लिहावीत. 'बनवाबनवी'त सुधीरची सुधा होते आणि परशुरामची पार्वती, हे दोनशे वेळा पाहिलेल्यालाही वीस सेकंदांत उलटसुलट होतं.

गुरुवार

प्रश्न काढणारे कॅलेंडर बघून बसतात. ८ नोव्हेंबर जवळ आला की पु. लं.वर किमान तीन प्रश्न (जन्म १९१९). जूनचा पहिला पंधरवडा तर खच्चून भरलेला: ४ जूनला अशोक सराफांचा वाढदिवस, १२ जूनला पु. लं.ची आणि १३ जूनला अत्र्यांची पुण्यतिथी. ऑगस्टात जयंत्या: दादा कोंडके ८ तारखेला, अत्रे १३ तारखेला. १६ डिसेंबरला लक्ष्मीकांत बेर्डेंची पुण्यतिथी. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी जागतिक हास्य दिन, आणि त्याची सुरुवात मुंबईतच, १९९८ मध्ये, डॉ. मदन कटारियांच्या पुढाकाराने. खेळाची तारीख कळली की पुढचे-मागचे दहा दिवस चाळायचे, एवढाच अभ्यास.

शुक्रवार, संध्याकाळ

आज नुसती यंत्रसामग्री.

बहुतेक खेळांत दोन खिडक्या लागतात. एकीत सूत्रसंचालक दिसतो-ऐकू येतो (झूम, मीट किंवा यूट्यूब), दुसरीत आपण उत्तर दाबतो (बहुधा कहूट या क्विझच्या साइटवर). एकाच फोनवर दोन्ही चालवणं म्हणजे एका हाताने पोहे परतत दुसऱ्याने फोडणी करणं. जमतं, पण काहीतरी करपतंच. लॅपटॉपवर व्हिडिओ आणि फोनवर उत्तरं, ही मांडणी सगळ्यात बरी. घरात दोघं खेळणार असतील तर एकाच लॅपटॉपचा आवाज चालू ठेवावा. दुसऱ्या उपकरणावर झूममध्ये येताना ऑडिओ जोडूच नये. नुसता माइक म्यूट करून भागत नाही. स्पीकर चालू राहिला की त्यातून निघालेला आवाज पहिल्याच्या माइकमध्ये शिरतो आणि सगळ्यांना शिट्टी ऐकू येते.

कहूटमध्ये खातं काढावं लागत नाही. खेळाचा पिन टाकायचा, नाव द्यायचं, आत. नाव आखूड ठेवा. लांबलचक असेल तर बसत नाही. फोनवर लाल त्रिकोण, निळी चौकट (पत्त्यांतली), पिवळा गोल आणि हिरवा चौकोन दिसतात. प्रश्न आणि पर्याय फोनवरही दिसावेत अशी सोय आहे, पण ती सूत्रसंचालकाला सुरू करावी लागते. त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावं. ती बंद असली आणि व्हिडिओ मागे पडत असला, तर नुसत्या चार रंगांकडे बघत बसायची पाळी येते.

व्हिडिओ मागे पडतो तो मुख्यतः यूट्यूबवर. झूम-मीटवर उशीर जेमतेम जाणवतो. यूट्यूब लाइव्हला सगळ्यात कमी विलंबाच्या सेटिंगवर पाच सेकंदांच्या आत, त्याच्या वरच्या सेटिंगवर दहाच्या आत, आणि नेहमीच्या सेटिंगवर त्याहून जास्त उशीर लागतो. त्यात मधे फोन आला, व्हिडिओ थांबला, तर परतल्यावर तो थांबला तिथूनच सुरू होतो आणि आपण आणखी मागे. खाली 'लाइव्ह'चा ठिपका लाल नसेल तर त्यावर एकदा दाबायचं. हे कुणी सांगत नाही, आणि लोक अख्खा खेळ चाळीस सेकंद भूतकाळात बसून खेळतात.

फोनसाठी तीन गोष्टी: स्क्रीन आपोआप बंद व्हायची वेळ वाढवा, बॅटरी सेव्हर काढा, 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. ब्राउझर मागे गेला की जोडणी तुटते. तुटलीच तर घाबरून नवीन नावाने आत शिरू नये, कारण नवीन नाव म्हणजे शून्य गुण. त्याच ब्राउझरमध्ये, त्याच टॅबवर परत या. बहुतेक वेळा गुण जागेवर असतात.

आता मराठी टंकलेखन. खरी रडारड इथे आहे.

चार पर्यायांच्या प्रश्नात प्रश्नच येत नाही. पण 'उत्तर लिहा' आलं की यंत्र अक्षर न् अक्षर जुळवतं. 'वाऱ्यावरची वरात' लिहा. त्यातला 'ऱ्या' दोन प्रकारे तयार होतो. काही कीबोर्ड टिंबवाला 'ऱ', हलंत आणि 'या' जोडतात. काही साधा 'र', हलंत, मधे एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग 'या' घालतात. पडद्यावर दोन्ही जुळी भावंडं, यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तसंच: एक अखंड 'ॲ', दुसरा 'अ'वर चंद्र ठेवून केलेला. डोळ्यांना फरक कळणार नाही, गुण मात्र जातील. शिवाय 'चिं. वि. जोशी' की 'चि. वि.', टिंबानंतर जागा की नाही, १९८८ मराठी आकड्यांत की इंग्रजी, आणि कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडल्यावर मागे चिकटणारी रिकामी जागा. ती काही ठिकाणी आपोआप कापली जाते, काही ठिकाणी नाही. टायब्रेकर गूगल फॉर्मवर असेल तर आणखी जपून, तिथे लघुउत्तर तंतोतंत जुळावं लागतं.

यावर उपाय दोन. खेळाडूने शक्य तितकं आखूड लिहावं: 'वसंत सबनीस' न लिहिता 'सबनीस'. सूत्रसंचालकाने मान्य उत्तरांत सगळी रूपं भरून ठेवावीत, आणि ती एकाच फोनवरून भरू नयेत. दोन वेगवेगळ्या फोनवरून एकेकदा टाइप करून घेतलं की निम्मी भांडणं मिटतात.

शनिवार, संध्याकाळ सहा

परदेशातल्या मंडळींना वेळ कळवताना 'रात्री नऊ' एवढंच लिहू नये. भारतात नऊ म्हणजे दुबईत साडेसात. लंडनमध्ये हिवाळ्यात दुपारचे साडेतीन, उन्हाळ्यात साडेचार. न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा किंवा साडेअकरा. मेलबर्नला तर रविवार लागलेला असतो, पहाटेचा दीड किंवा अडीच. घोळ होतो तो मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर. अमेरिका घड्याळ हलवते मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, ब्रिटन मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या. मधल्या दिवसांत 'मागच्या वेळसारखंच' असं म्हणणारा हमखास एक तास चुकतो.

झूमचं फुकट खातं चाळीस मिनिटांनी तोडतं, मीट तीन किंवा अधिक माणसं असली तर साठ मिनिटांनी. एका प्रश्नाला वाचन, वेळ, उत्तर आणि त्यावरची कॉमेंट धरून दीड मिनिट लागतं. पंचवीस प्रश्न म्हणजे साडेसदतीस मिनिटं. त्यात पहिली पाच मिनिटं 'आवाज येतोय का' यात जाणारच. मधे मुद्दाम विश्रांती ठेवून त्याच लिंकवरून परत येणं शहाणपणाचं, नाहीतर झूमवर चोविसाव्या प्रश्नाला सगळे बाहेर.

शनिवार, उशिरा

गुणांचं गणित एकदा लिहून ठेवतो, कारण दर वेळी तीच चूक दिसते: सगळे भराभर दाबतात.

कहूटचा हिशेब असा. बरोबर उत्तराला जास्तीत जास्त १०००. जितका वेळ घेतला त्याला प्रश्नाच्या एकूण वेळेने भागायचं, त्याचं निम्मं करायचं आणि तेवढा वाटा हजारातून वजा करायचा. वीस सेकंदांच्या प्रश्नात चौथ्या सेकंदाला ९००, दहाव्याला ७५०, अगदी शेवटच्या क्षणीही ५००. चुकलं तर शून्य. आता समजा दुसऱ्या सेकंदाला तुमची खात्री साठ टक्के आहे. ९५० चे साठ टक्के म्हणजे सरासरी ५७०. आठ सेकंद थांबून शंभर टक्के खात्री होत असेल तर ७५०. घाई महाग पडते. दहाव्या सेकंदापर्यंत थांबूनही फक्त पंचाहत्तर टक्क्यांपर्यंतच पोचणार असाल तर हातात येतात साधारण ५६०. तेव्हा जे येतच नाही त्यावर विचार करत बसू नये, दाबून मोकळं व्हावं. 'जिभेवर आहे' आणि 'माहीतच नाही' यातला फरक ओळखणं, सगळा खेळ एवढ्यावर आहे. उशिराचं गणितही यातच बसतं: प्रश्न आठ सेकंद मागे ऐकू येत असेल तर तुमची कमाल मर्यादा ८००.

वादाचे प्रश्न ओळखीचे झालेत. 'तात्या विंचू कुणी साकारला?' हा त्यातला महाराजा. 'झपाटलेला', १९९३. माणूस असलेला तात्या दिलीप प्रभावळकरांनी केला. बाहुला रामदास पाध्यांचा. दोन्ही नावं पर्यायांत असली की दोन्ही बाजूंचे लोक बरोबर असतात आणि चॅट पेटतं. प्रश्न 'भूमिका कुणी केली' किंवा 'बाहुला कुणाचा' असा नेमका हवा. 'चिमणराव कुणाचा?' यातही तोच झोल: लेखणी चिं. वि. जोश्यांची, दूरदर्शनवर चेहरा पुन्हा प्रभावळकरांचा, आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. खेळाडूने एवढंच करावं, की मोघम प्रश्नाची हरकत वेळ संपताच चॅटमध्ये एका ओळीत नोंदवावी. खेळ संपल्यावर परिच्छेद लिहून काही होत नाही, तोवर गुण जाहीर झालेले असतात.

ध्वनिफीत ऐकवून ओळखायच्या फेरीत आवाज न येणं ही नित्याची गोष्ट. सूत्रसंचालकाने झूमवर पडदा शेअर करताना आवाज शेअर करायची चौकट टिकलेली नसते. दुसरं कारण, त्याने फीत फोनवर लावून माइकसमोर धरलेली असते, आणि झूमची गोंगाट कापणारी सोय ढोलकी-पेटीला गोंगाट समजून कापते. घड्याळ सुरू व्हायच्या आत 'आवाज नाही' लिहायचं. नंतर लिहिलं तर बहाणा वाटतो.

हशाचंही तेच होतं. एका वेळी दोन-तीन माइक उघडे असले की ते एकमेकांना खातात आणि चाळीस जणांचं हसणं घशात काहीतरी अडकल्यासारखं येतं. म्हणून अशा खेळांत हसायचं चॅटमध्येच. पुढचा संवाद तिथे टाकायचा मोह मात्र घड्याळ थांबेपर्यंत आवरावा, कारण त्यात बहुधा पात्राचं नाव असतं.

रविवार, सकाळ

खेळानंतर ग्रुपवर अनोळखी नंबरवरून 'तुम्ही जिंकलात, प्रोसेसिंग फी भरा' असं आलं की उघडूही नये. बक्षिसाच्या पुस्तकासाठी फार तर पत्ता लागतो. ओटीपी लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. फी भरून रोख बक्षिसाच्या क्विझचं आमंत्रण आलं तर लांबच राहावं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आहे, आणि कौशल्याचा खेळ म्हटलं तरी त्यातून सुटका नाही.

वहीत आज भरायचं: 'सोंगाड्या' १९७१, 'पांडू हवालदार' १९७५, 'गंमत जंमत' १९८७. चौथा रकाना तूर्त रिकामा.