६७ एशिया: ठिपका सरकला एकदाचा!

सव्वातीन सेंटीमीटर! दुर्बिणीतून बघून वहीत काढलेल्या परवाच्या आणि कालच्या चित्रात एकच ठिपका हललाय, तोच ६७ एशिया हा लघुग्रह. बाकी सगळे तारे जागच्या जागी. माझा नियम असा: कॅमेरा नाही, नेमकी जागा आधी बघायची नाही. पुतणीनं ॲपवरून फक्त आकाशाचा तुकडा सांगितला, पुढचं काम डोळ्यांचं आणि पेन्सिलीचं. नॉर्मन पॉगसननं मद्रास वेधशाळेतून १७ एप्रिल १८६१ला हा लघुग्रह पकडला तो असाच, नकाशात नसलेला ठिपका हेरून.

मागच्या आठवड्यात मात्र रडकुंडीला आलो होतो. दोन रात्रींची चित्रं जुळवली तर सतरा तारे हललेले! आधी कोलिमेशनवर (दुर्बिणीचे आरसे एका रेषेत आहेत का, यावर) संशय, म्हणून एक अख्खी संध्याकाळ स्क्रू पिळण्यात घालवली. मग आरशावरच्या दवावर. मग स्वतःच्या चष्म्यावर. शेवटी चहा पिताना वहीच्या कोपऱ्यातल्या वेळांकडे लक्ष गेलं. एक चित्र रात्री नऊचं, दुसरं दीडचं. डॉबमध्ये, म्हणजे माझ्या डॉब्सोनियन दुर्बिणीत, दृश्य उलटं दिसतं हे आपल्याला पाठच असतं, पण जसजशी रात्र सरकते तसं नेत्रिकेतलं (डोळा लावतो त्या भिंगातलं) अख्खं क्षेत्र फिरतं, हे मी साफ विसरलो होतो. तारे हलले नव्हते, माझी वही तिरकी होती.

आता आधी दुर्बीण न हलवता तशीच स्थिर ठेवायची, तारा ज्या कडेनं बाहेर पडेल ती पश्चिम. तिथं बाण काढायचा आणि मगच पहिला ठिपका. शिवाय दोन्ही रात्री वेळ एकच.

२५ मिमीची साधी प्लॉसल नेत्रिका, आठ इंची डॉबवर जवळपास एक अंशाचं क्षेत्र, ते वहीत पंधरा सेंटीमीटरचं वर्तुळ. म्हणजे सव्वातीन सेंटीमीटर ही एका दिवसात साधारण तेरा कलांची चाल (साठ कलांचा एक अंश). मंगळ आणि गुरूमधल्या पट्ट्यातल्या लघुग्रहाला शोभेल अशीच. (झूम नेत्रिकेच्या नादी लागू नका. माझी कपाटात पडून आहे.)

आशिया खंडातून सापडलेला पहिला लघुग्रह, म्हणून पॉगसननं नाव ठेवलं एशिया. आता शोधलात तर आधी तात्पुरतं नामांकन, मग काही वर्षं वेध, कक्षा पक्की झाली की क्रमांक आणि त्यानंतर कुठे नाव सुचवायचं, तेही सोळा अक्षरांत. पॉगसनचं बरं होतं.

पुढचा नंबर ८० सॅफोचा, तोही त्यानं मद्रासहूनच १८६४ साली शोधला. असं लिहायला बसलो खरा, पण थांबा. दुर्बीण स्थिर ठेवली तर खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ विकला (साठ विकलांची एक कला) सरकतो. मग शेजारचा तारा आणि एशिया कडेआड जाताना फोनच्या रेकॉर्डरवर दोनदा नुसतं 'गेला' म्हटलं, तर पूर्व-पश्चिम अंतर मोजता येईल की! दोघंही कडेच्या एकाच ठिकाणाहून जात नाहीत, ती मेख आहे. नेत्रिकेत केस ताणून उभी रेघ बसवावी म्हणतो. सॅफो थांबेल. पुतणीचा एक लांब केस मागून ठेवलाय.